विश्लेषण : बंदुकीवरची दुर्बीण किती पॉवरची? खान्देशच्या शिवारात कमीच बरी

रानडुकरांनी मका लोळवला किंवा रोह्यांच्या कळपाने हरभरा खाल्ला, की 'गोळी घालण्याची परवानगी द्या' ही मागणी धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत हमखास पुढे येते. बिबट्याने माणसावर हल्ला केला, तर ती आणखी तीव्र होते. परवानगी द्यावी की नाही यावर ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत चर्चा होते. परवानगी मिळाल्यानंतर रात्रीच्या वेळी, कोणत्या अंतरावरून आणि कशातून बघून ती गोळी झाडली जाणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीची, म्हणजे रायफल स्कोपची निवड ही शौकिनांची बाब समजली जाते. प्रत्यक्षात पिकात पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याच्या जिवाशी तिचा थेट संबंध आहे.

मुळात शिकार करता येते का?

हौसेखातर नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी घातली आहे. अपवाद कलम ११ मध्ये आहेत. बिबट्या, वाघ हे पहिल्या अनुसूचीतील प्राणी. ते माणसाच्या जिवाला धोकादायक ठरले, आणि पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसेल, तरच त्यांना मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणांसह देऊ शकतात. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्याबाबत पिकांचे नुकसान हेही कारण चालते. महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयानुसार अशा परवानग्या वनक्षेत्रपालांच्या पातळीवर देता येतात. शस्त्राचा परवाना वेगळा आणि प्राणी मारण्याची परवानगी वेगळी. पहिली हातात आहे म्हणून दुसरी मिळाली, असा समज गावागावांत आहे आणि तो महागात पडतो.

त्यामुळे या जिल्ह्यांत दुर्बिणीचा प्रश्न येतो तो दोनच ठिकाणी : पिकाच्या राखणीसाठी परवानगी मिळालेला बंदूकधारी शेतकरी आणि नरभक्षक ठरवलेल्या बिबट्यामागे वन विभागाने लावलेला नेमबाज. दोघांच्याही हाताशी आज बाजारात पूर्वी नव्हती इतकी मोठी निवड आहे. आकडा जेवढा मोठा तेवढी वस्तू भारी, असे मानून ती निवड होते.

दुर्बिणीवरचे आकडे काय सांगतात?

'४×३२' असे लिहिलेले असेल तर पहिला आकडा पॉवरचा आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. चार पॉवर म्हणजे शंभर मीटरवरचे जनावर उघड्या डोळ्यांना पंचवीस मीटरवर असल्यासारखे दिसते. '३-९×४०' म्हणजे कडे फिरवून पॉवर तीनपासून नऊपर्यंत बदलता येते. ही जगभर सर्वाधिक परिचित असलेली रचना. '६-२४×५०' अशा दुर्बिणीही सर्रास विकल्या जातात. त्या मुळात लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीसाठी असतात.

या आकड्यांमधून दोन गोष्टी निघतात आणि त्या सहसा दुकानदार सांगत नाही.

पहिली गोष्ट उजेडाची. भिंगाच्या व्यासाला पॉवरने भागले, की दुर्बिणीतून डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. अंधारात माणसाची बाहुली साधारण पाच ते सात मिलिमीटरपर्यंत उघडते. चाळीस मिलिमीटरचे भिंग चार पॉवरवर दहा मिलिमीटरचा झोत देते, म्हणजे डोळ्याला लागतो त्याहून जास्त. तीच दुर्बीण नऊवर नेली की झोत साडेचार मिलिमीटरच्या आत येतो आणि चित्र काळवंडते. पन्नासच्या भिंगावर चोवीस पॉवर लावली तर उरतात जेमतेम दोन मिलिमीटर. जर्मनी, ऑस्ट्रियात रानडुकरांसाठी मचाणावर रात्री बसणाऱ्या शिकाऱ्यांनी '८×५६' ही दुर्बीण उगाच प्रमाण मानली नाही. छप्पन्न भागिले आठ बरोबर सात. पॉवर वाढवायची तर भिंग त्या प्रमाणात वाढलेच पाहिजे, हे साधे गणित त्यामागे आहे. पॉवर उजेड आणत नाही, उलट आहे तो पातळ करते.

दुसरी गोष्ट नजरेच्या आवाक्याची. पॉवर वाढली की दिसणारे वर्तुळ आक्रसते. '३-९×४०' दुर्बिणीतून शंभर मीटरवर तीन पॉवरला साधारण अकरा मीटर रुंदीचा भाग दिसतो, नऊ पॉवरला चार-साडेचार मीटर. शंभर मीटरवर हे चालून जाते. पण खान्देशच्या शिवारात शंभर मीटर मिळतात कुठे?

गोळी किती अंतरावर झाडली जाते?

तापीकाठच्या केळीच्या बागेत उभे राहिले तर दहा-पंधरा मीटरपलीकडे पाने आणि सावल्या यांशिवाय काही दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कपाशी कमरेच्या वर असते आणि तिच्यात शिरलेले डुक्कर हलणाऱ्या शेंड्यांवरूनच ओळखावे लागते. साक्री-पिंपळनेर भागातला ऊस आणि उभा मका यांचीही तीच गत. जनावर दिसते ते बांधावर, पाटाच्या कडेला किंवा पिकातून बाहेर पडताना. अंतर वीस-तीस मीटर, वेळ काही सेकंद.

राज्यातील अलीकडची गाजलेली प्रकरणेही हेच सांगतात. चाळीसगाव तालुक्यात २०१७ च्या उत्तरार्धात बिबट्याने एकामागून एक बळी घेतले. गावे संध्याकाळीच दारे लावून बसत. तत्कालीन मंत्री गिरीश महाजन हातात पिस्तूल घेऊन बिबट्याच्या मागावर असल्याची चित्रफीत त्याच काळात देशभर फिरली. पिस्तुलाने बिबट्या पडत नाही हे वेगळे सांगायला नको, पण त्या दृश्याने परिसरातील हतबलता नेमकी टिपली. अखेर ९ डिसेंबर २०१७ च्या रात्री वरखेडे परिसरात हैदराबादचे नेमबाज नवाब शफात अली खान यांच्या गोळीने तो बिबट्या मारला गेला. डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यात बीड, अहमदनगर, सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत दहशत माजवणारा बिबट्या मारला गेला, तोही केळीच्या बागेत आणि अगदी जवळून. यवतमाळ जिल्ह्यातील 'टी-१' अर्थात अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी लागली, तीही काही मीटरांवरून. त्या घटनेतील कार्यपद्धतीवरून नंतर मोठा वाद झाला. वादात आदेश, वेळ, डार्ट, वाघिणीची दिशा अशा सगळ्या गोष्टी होत्या. गोळी दूरवरून अचूक लावता आली नाही, ही तक्रार मात्र त्यात कुठेही नव्हती.

मागे जाऊन पाहिले तरी चित्र बदलत नाही. जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा बिबट्या मे १९२६ मध्ये आंब्याच्या झाडावर बसून मारला. त्यांच्या .२७५ रायफलवर दुर्बीण नव्हती, टॉर्च होता. खान्देशात १८२५ पासून भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम दहा वर्षांच्या आत १९१ वाघांच्या शिकारीत सहभागी झाल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. तीही ठासणीच्या बंदुकांच्या काळातली, उघड्या डोळ्यांनी धरलेल्या नेमाची. चाळीसगाव-कन्नड दरम्यानच्या घाटाला त्याचे नाव मिळाले आणि आज 'गौताळा औट्रमघाट' हे अभयारण्य आहे. एवढे वाघ संपवणाऱ्याचे नाव अभयारण्याला असावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

नेमबाजीचे आणखी एक उदाहरण मराठी वाचकांना जवळचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. या प्रकारात दृश्य मोठे करणारी दुर्बीण वापरायला नियमानेच मनाई आहे. पन्नास मीटरवर बटणाला गोळी लावायला जी पॉवर लागत नाही, ती पंचवीस मीटरवरच्या डुकराला लागते, असे म्हणणे कठीण आहे. अर्थात स्टेडियममध्ये उजेड असतो आणि लक्ष्य पळत नाही. पण अचूकता सरावातून येते आणि ती भिंगातून विकत घेता येत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

जास्त पॉवरने नेमके काय बिघडते?

पंचवीस मीटरवर नऊ पॉवर लावली की दिसणारे वर्तुळ जेमतेम मीटरभर रुंद उरते. पूर्ण वाढीच्या बिबट्याचे शेपूट सोडून शरीरच त्याहून लांब असते. म्हणजे नेमबाजाला बिबट्या दिसत नाही, ठिपके दिसतात. हा खांदा की मांडी, हेही चटकन उमगत नाही. जनावर एक पाऊल सरकले की वर्तुळातून नाहीसे होते आणि मग बंदूक इकडेतिकडे फिरवत त्याला शोधावे लागते. हाताचा कंपही तेवढ्याच पटीने मोठा दिसतो, त्यामुळे घोडा घाईत ओढला जातो. अशा गोळीचा शेवट बहुतेकदा जखमी जनावरात होतो. जखमी बिबट्या उसात शिरला, तर त्याला बाहेर काढायला जाणारा माणूस वनरक्षक किंवा वनमजूर असतो. नेमबाज नव्हे.

मात्र यापेक्षा गंभीर बाब वर्तुळाच्या बाहेर घडते. खान्देशातील शेत रात्री रिकामे नसते. कृषिपंपांना वीज चक्राकार पद्धतीने कधी दिवसा, कधी रात्री मिळत आली आहे. रात्रीची पाळी असली की शेतकरी, सालदार, कधी घरातला शाळकरी मुलगाही बॅटरी घेऊन पाणी वळवायला शिवारात असतो. बारे फोडताना तो वाकलेला असतो, अंगावर घोंगडी असते, आणि डुकराच्या उंचीचा तो काळा आकार पिकाच्या आड पन्नास पावलांवर हलत असतो. शेजारच्या शेतात जागल करणारा वेगळाच. मेंढपाळांचे वाडे बसलेले असतील तर माणसे, मेंढ्या, कुत्री सगळेच उघड्यावर. रायफलची गोळी जनावराला चुकली किंवा आरपार गेली, तर सपाटीवर ती दोन किलोमीटरपलीकडेही जाऊ शकते. नेम धरणाऱ्याला तेव्हा जनावराइतकेच त्याच्या मागचे आणि दोन्ही बाजूंचे दिसणे गरजेचे असते. मीटरभराच्या वर्तुळात ते दिसत नाही. एक पॉवरच्या दुर्बिणीतून त्याच अंतरावर सात-आठ मीटरचा पट्टा दिसतो आणि दुसरा डोळा उघडा ठेवता येत असल्याने उरलेले शिवारही नजरेत राहते.

ही भीती कल्पनेतली नाही. पालघर जिल्ह्यात मनोर परिसरात २०२५ च्या सुरुवातीला रानडुकराच्या बेकायदा शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांच्या गोळीने त्यांच्याच सोबतचा माणूस मारला गेला. डुक्कर समजून झाडलेली ती गोळी होती. फ्रान्ससारख्या देशात शिकारीचा परवाना, परीक्षा, विमा असे सगळे काही आहे. तिथेही डिसेंबर २०२० मध्ये लोत भागात आपल्या घराजवळ लाकूड तोडणारा २५ वर्षांचा तरुण रानडुक्कर समजून झाडलेल्या गोळीने गेला आणि देशभर कडक नियमांची मागणी उठली. अशा घटनांत नेम चुकलेला नसतो. गोळी जिथे धरली तिथेच लागते, समोर काय आहे हे ओळखण्यात चूक झालेली असते.

मग ओळख पटवायला पॉवर हवीच ना?

जास्त पॉवरच्या बाजूने केला जाणारा हा सर्वांत वजनदार युक्तिवाद आहे आणि तो अर्धा बरोबर आहे. नरभक्षक ठरवलेला बिबट्या हाच, याची खात्री हवी. मादीसोबत पिले आहेत का, हे कळायला हवे. पण हे काम बंदुकीवरच्या दुर्बिणीचे नाही. बंदुकीच्या दुर्बिणीतून एखादी सावली 'बघणे' म्हणजे भरलेली रायफल त्या सावलीवर रोखणे. ती सावली पाणी भरणाऱ्या माणसाची निघाली, तर त्याच्यावर बंदूक रोखून झालेली असते. ओळख पटवण्यासाठी हातातली साधी दुर्बीण असते. ८×४२ ची पक्षीनिरीक्षकांची दुर्बीण यासाठी उत्तम, आणि ती दुसऱ्या माणसाच्या हातात असली तर आणखी चांगले. एकाने पाहायचे, दुसऱ्याने नेम धरायचा. बिबट्याची वैयक्तिक ओळख तर ठिपक्यांच्या रचनेवरून कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांतून पटवतात. ते काम दिवसा, टेबलावर बसून होते.

उष्णता टिपणाऱ्या थर्मल दुर्बिणींनी हा प्रश्न सुटला, असेही अलीकडे सांगितले जाते. कपाशीआडचे जनावर त्यातून उमटते हे खरे. पण त्या चित्रात असते ती आकृती, रंग किंवा ठिपके नव्हे. दिसते ते गरम आहे, एवढे ती खात्रीने सांगते. बसलेला माणूस, वासरू, मोठा कुत्रा आणि डुक्कर यांच्या आकृत्या पिकाच्या आडून सहज एकसारख्या वाटू शकतात. त्यात पॉवर वाढवली तर बहुतेक वेळा यंत्र आहे तेच चित्र ताणून दाखवते. चौकोन मोठे होतात, तपशील वाढत नाही. शोधण्यासाठी थर्मल जरूर वापरावी. पण गोळी झाडण्यापूर्वी पांढऱ्या उजेडात जनावर डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे.

मोकळ्या रानाचे काय?

सगळे शिवार केळीचे नाही, हेही खरे. धुळ्याजवळचे लळिंगचे कुरण, शिंदखेड्याकडची माळराने, सातपुड्याच्या पायथ्याची काढणी झालेली शेते इथे रोही दीडशे-दोनशे मीटरवर उभा दिसतो. तो जवळ येऊ देत नाही. इथे चार पॉवर पुरते, सहा सोयीची पडते. मोठ्या हरणाएवढ्या जनावरासाठी दोनशे मीटरपर्यंत याहून जास्त लागत नाही. ज्याला त्याहून दूरची गोळी लावायची आहे, त्याने आधी आपण शेवटचे कधी कागदी लक्ष्यावर सराव केला, हे आठवावे. बहुतांश परवानाधारकांकडे असलेली .३१५ रायफल ही जड आणि तुलनेने संथ गोळीची. दोनशे मीटरपलीकडे ती झपाट्याने खाली येते. चोवीस पॉवरची दुर्बीण तो उतार कमी करत नाही, फक्त चुकलेली गोळी अधिक स्पष्ट दाखवते.

बदलत्या पॉवरची दुर्बीण घ्यायचीच असेल तर १-४ किंवा १-६ ची घ्यावी आणि शेतात जाताना कडे सर्वांत कमी आकड्यावर ठेवावे. दूरचे जनावर दिसले तर कडे फिरवायला वेळ मिळतो. जवळ अचानक आलेल्या जनावरासाठी ते मागे फिरवायला मिळत नाही. दुर्बीण बसवण्याचे कामही जाणकाराकडूनच करून घ्यावे. हवेच्या बंदुकीसाठी बनवलेली स्वस्त दुर्बीण मोठ्या रायफलच्या धक्क्याने आतून हलते आणि नेम सरकल्याचे वरून कळतही नाही. डोळा भिंगाला चिकटवला तर भुवई फुटते, ते वेगळेच. वीस-तीस मीटरपुरतेच काम असेल, तर बारा बोअरची बंदूक, नळीच्या टोकावरची साधी माशी आणि चांगला टॉर्च ही जुनी पद्धत आजही टाकाऊ नाही. बेशुद्धीच्या डार्टची बंदूकही साधारण वीस ते चाळीस मीटरवरच चालते, तिलाही मोठी पॉवर लागत नाही.

परवानगीपत्रात काय असावे?

प्राणी कोणता, क्षेत्र कोणते आणि मुदत किती, एवढ्यावर परवानगी थांबू नये. जिथे वन विभाग स्वतः नेमबाज बोलावतो, तिथे तर अटी घालणे पूर्णपणे त्याच्या हाती आहे. पिकांच्या शिवारात चार पॉवरची कमाल मर्यादा घालता येईल. गोळी मचाणावरून किंवा उंच जागेवरून, म्हणजे जमिनीकडे जाईल अशाच कोनात झाडण्याची सक्ती करता येईल. हातदुर्बीण घेतलेला दुसरा माणूस सोबत असलाच पाहिजे, अशी अट घालता येईल. परवानगी देण्याआधी पन्नास मीटरवर पाच गोळ्यांची चाचणी घ्यायला अर्धा दिवसही लागत नाही. पोलिसांचे फायरिंग रेंज त्यासाठी उपलब्ध करून घेता येतील.

आणखी एक अट दुर्बिणीशी संबंधित नाही, पण सर्वांत स्वस्त आहे. ज्या रात्री ज्या शिवारात गोळीची परवानगी आहे, त्या रात्री त्या फीडरवर पाणी भरायला कोणी जाणार नाही, याची खातरजमा करायची. त्यासाठी वनक्षेत्रपालाने महावितरणच्या शाखा अभियंत्याला एक फोन करायचा आणि पोलीस पाटलाने गावात दवंडी द्यायची. चुकलेली पाण्याची पाळी त्या आठवड्यात दिवसा भरून द्यावी लागेल, इतकाच त्याचा खर्च आहे.